रिकामा तळवा

गेल्या दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतो. चहाचा कप धरताना नाही. ब्रश भिंतीपासून चार बोटांवर आला की मगच. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, धोका काही नाही. खरं असेल. पण अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत उतरणारी रेघ एका दमात यावी लागते. डोळा तीनदा सुधारता येतो, ओठ पुसून पुन्हा काढता येतात. ही रेघ सुधारायला गेलं की देवाने हातमोजा घातल्यासारखं दिसतं.

आणि खरं सांगायचं तर ती मला हात धड होता तेव्हाही येत नव्हती.

कोल्हापुरात सिनेमाचे बोर्ड रंगवायच्या दुकानात मी पंधराव्या वर्षी शिरलो. मास्तर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "हात काढलायस का केळ्यांची फणी?" सिनेमाच्या बोर्डावर ते खपून जायचं. हिरोच्या हातात पिस्तूल, हिरॉइनच्या हातात पदर, व्हिलनच्या हातात ग्लास. पुढे देवळांची कामं मिळायला लागली तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. आमच्या अंबाबाईचे चारही हात गुंतलेले : म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. विठोबाचे तर दोन्ही हात कमरेवर. पंधरा-वीस वर्षं मी गावोगावच्या सभामंडपात अंबाबाई आणि विठोबा काढत हिंडलो. लोक म्हणायचे, काय भक्ती आहे या पेंटरची! कमिटीतल्या कुणी आशीर्वाद देणारी लक्ष्मी मागितली की मी म्हणायचो, "अहो, आपल्या मातीतली देवी सोडून कॅलेंडरवरची कशाला?" त्यावर सगळे माना डोलवायचे. उघडा तळवा टाळण्यासाठी मी अख्खी परंपरा पुढे केली होती.

1996 साली मेहुण्याच्या आधाराने पिट्सबर्गला आलो आणि इथे मात्र पकडला गेलो. इथल्या पेन हिल्सच्या टेकडीवर 1970च्या दशकात उभं राहिलेलं श्रीवेंकटेश्वराचं देऊळ आहे. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या देवळांपैकी एक. पहिल्या रविवारी दर्शनाला गेलो. बालाजीचा एक हात आमच्या विठोबासारखाच कमरेशी. खालचा उजवा मात्र उघडा, तळवा समोर, बोटं पायांकडे. मी हात जोडले आणि मनात म्हणालो, देवा, अर्ध्यावर तरी सोडायचंस.

दिवसा घरं रंगवायची आणि शनिवार-रविवार देवळं, असं पंचवीस वर्षं चाललं. देवळं म्हणजे बहुतेक जुनी गोदामं, एक तर बंद पडलेली बोलिंग अ‍ॅली. भिंती ड्रायवॉलच्या. आपल्याकडचा चुना रंग पितो तरी. हा पुठ्ठ्यात गुंडाळलेला जिप्सम तसा पीत नाही, आणि दोन फळ्यांमधला सांधा दुसऱ्या हिवाळ्यात बरोबर देवीच्या कपाळावरून वर येतो. पण सांध्याचं मला दुःख नाही. दुःख तळव्याचंच. मास्तरांचं माप असं : हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत जेवढा चेहरा, तेवढा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात. एक ताल. कागदावर ते माप चोख बसतं. चौदा फुटांवर तोच हात काढा आणि खाली पायाशी उभे राहा. बोटं आखडून बटाट्यासारखी होतात. म्हणून बोटं लांबवायची. लांबवली की समोरच्या सज्जातून पाहणाऱ्याला ती काट्याचमच्यातल्या काट्यासारखी दिसतात. परांचीवरून किती वेळा उतरलो आणि चढलो त्याची गणती नाही. माझे गुडघे त्या करंगळीने खाल्ले.

मिलव्हेलच्या चर्चबद्दल मला एका प्लंबरने सांगितलं. "तू भिंती रंगवतोस ना, मग आमचं बघ." आलेगेनी नदी ओलांडली की पलीकडे मिलव्हेल, आणि चढावर सेंट निकोलस, क्रोएशियन लोकांचं. 1999 साल असेल. आत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं तर वेदीवरच्या घुमटीत सिंहासनावर मेरी बसलेली, अंगावर खेड्यातल्या बाईचे कपडे, आणि हात हे एवढे! शेतात राबणाऱ्या बाईचे, जाड सांध्यांचे, तालाबिलाला न जुमानणारे. मी पाहिलं आणि मला आनंद झाला. म्हटलं, यालाही येत नाहीत.

हा माझा स्वभाव आहे. दुसऱ्याच्या भिंतीसमोर मी आधी चूक शोधतो.

काढणारा होता माक्सो वान्का. जन्म 1889, झाग्रेबचा. विवाहबाह्य मूल, आईवडील उमराव घराण्यातले असं म्हणतात. पहिली काही वर्षं त्याला डोरा नावाच्या शेतकरीणबाईने खेड्यात वाढवलं. मग झाग्रेब, ब्रसेल्स, मग झाग्रेबच्याच अकादमीत प्राध्यापक, मोठमोठ्यांची व्यक्तिचित्रं. बायको अमेरिकन. पंचेचाळिशीच्या आसपास सगळं सोडून इकडे आला. इथे त्याला कोण विचारतो? 1937 साली मिलव्हेलच्या फादर झागर यांनी भिंती दिल्या. आठ आठवड्यांत त्याने पहिली खेप संपवली, कोरड्या गिलाव्यावर, रात्री-रात्री जागून. 1941 साली परत येऊन उरलेल्या भिंती भरल्या. धार्मिक चित्रं म्हणायची, पण एका भिंतीवर खाणीत, कारखान्यात मेलेल्या पोराभोवती बायका बसल्यात. दुसरीकडे युद्धात मेलेल्याची शवपेटी, मागे पांढऱ्या क्रुसांच्या रांगा. एकीकडे अन्यायाची मूर्ती, तोंडाला गॅस मास्क. एक शेठजी एकटाच जेवतोय. असली भिंत आमच्या कुठल्याही कमिटीने दुसऱ्या दिवशी पांढरी केली असती. आणि मी काढली नसती, हेही लिहून ठेवतो.

त्याच्या भुताची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. मध्यरात्री परांचीवर असताना त्याला वेदीपाशी काळ्या झग्यातला म्हातारा पुटपुटत फिरताना दिसायचा. लुई अ‍ॅडमिक या त्याच्या लेखक मित्राने 1938 साली ती मासिकात छापली. वान्का म्हणे कानांत बोळे घालून, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना झापडं लावून काम करत राहिला. लोक भुताबद्दल विचारतात. मला त्या झापडांचं कौतुक. समोरची हातभर भिंत सोडून काहीच दिसू नये, यासाठी भूत लागतंच असं नाही. कमिटीचे अध्यक्ष मागे उभे असले तरी पुरे.

अध्यक्षांवरून आठवलं. शेजारच्या राज्यातल्या एका देवळात मी सात महिने खपून दशावतार काढला होता. वामनाच्या छत्रीच्या दांड्यावर माझं नाव होतं, बारीक, फक्त मला सापडेल असं. देवाच्या भिंतीवर सही करू नये, हे मी शिष्यांना बजावतो. स्वतः प्रत्येक भिंतीवर केली. चार वर्षांनी गेलो तर दशावतारावर व्हायनल चिकटवलेलं, छापील, चकचकीत, सगळ्या देवांना एकाच नटीचा चेहरा आणि एकाच साच्यातला गुबगुबीत गुलाबी हात. मला न विचारता. मी प्रसाद घेतला, गाडीत येऊन बसलो. राग कशाचा आला असेल? छापील तळवे माझ्यापेक्षा बरे होते.

तर माझ्या हाताखाली शिकणारी ही पोरगी. इथेच जन्मलेली, आईवडील साताऱ्याकडचे, मराठी बोलते पण "मी तुम्हाला हेल्प करते ना काका" असं. तीन वर्षांपूर्वी परांची धरायला आली ती राहिलीच. मागच्या वर्षी लक्ष्मीच्या भिंतीचं काम घेतलं आणि नेमका माझा हात गेला. तिला म्हटलं, चेहरा मी करतो, तळवा तू. यात औदार्य काही नव्हतं. चेहऱ्याचं नाव होतं, तळव्याची बोलणी बसतात.

तीच मला पुन्हा मिलव्हेलला घेऊन गेली. तेव्हा त्या भिंती साफ करायचं काम वर्षानुवर्षं चाललेलं. पोलादाच्या कारखान्यांची काजळी आणि ओलीबरोबर वर आलेले क्षार काढून. जिथे धुतलंय तिथे निळा रंग असा उघडतो की वाटतं काल लावलाय. पोरगी दुर्बीण घेऊन आली होती. माझ्या हातात देऊन म्हणाली, "काका, नकल्स बघा." पाहिलं. सांध्यांवर एकही गोलाई नव्हती, सपाट ब्रशचे तुटक फटकारे, एकाला एक न मिळणारे. एका दमातली रेघ त्याने मारलीच नव्हती. आणि खालून ते हात आखडतही नव्हते, कारण ते मुळातच आखूड आणि रुंद होते. आखडायला उरलं काय? मी इतकी वर्षं बोटं लांबवत बसलो होतो. दुर्बीण परत दिली आणि म्हटलं, "रंग पातळ लावलाय."

परत येऊन तिने मला देवळातल्या भिंतीसमोर उभं केलं. "हात वर करा." माझा? माझ्या नखांत अजून घराच्या रंगाचा पांढरा आहे, तर्जनी एकदा शिडीत सापडून वाकडी झालेली. शिवाय वर धरला की तो थरथरतो. ती म्हणाली, चालेल. दोन दिवस मी हात वर करून उभा राहिलो, बसस्टॉपवर उभा असल्यासारखा, आणि ती तुटक-तुटक फटकाऱ्यांनी काढत गेली. रुंद तळवा, आखूड बोटं. तर्जनी किंचित वाकडी ठेवली. मी म्हटलं, लक्ष्मी आहे ती, घरं रंगवणारी नव्हे. ती हसली फक्त.

तिसऱ्या रात्री झोप येईना. देवळाची किल्ली माझ्याकडे असते. दिवा लावला, परांची चढलो, आणि अंगठ्याखालची रेघ एका दमात ओढून द्यावी म्हणून ब्रश टेकवला. हात थरथरला. मनगटाशी शेंदरी ठिपका पडला, मसुराएवढा. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर पसरला. वामनाच्या छत्रीपासून आजवरच्या सगळ्या सह्यांत एवढी मोठी सही मी कधी केली नव्हती.

सकाळी ती आली, वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डबा उघडून त्या ठिपक्याभोवती बांगडीचा काठ ओढला. विचारलं काहीच नाही. परवा आरतीला कमिटीचे लोक खाली उभे राहून म्हणत होते, काका, हात काय जिवंत आलाय! मी "देवीची कृपा" म्हणालो. पोरगी तिथेच उभी होती.

सज्जातून पाहिलं तर करंगळी अजून जरा लांब वाटते. मी तिला सांगितलंय.