ग्रूम सरोवराच्या वेशीवर

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात ३७५ क्रमांकाचा एक निर्जन राजमार्ग आहे. १९९६ साली राज्य सरकारने त्यास ‘परग्रहवासीयांचा राजमार्ग’ असे नाव अधिकृतपणे दिले. वाटेतील रेचेल या इवल्याशा वस्तीत आपण थांबलात, तर तेथील खानावळीत परग्रहवासीयांची चित्रे पाहावयास मिळतील आणि उडत्या तबकड्यांच्या कथाही कानी पडतील. या उजाड वाळवंटात ही कथा रुजली तरी कशी, असा प्रश्न आपल्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

तिचे मूळ डोंगरापलीकडे आहे. लास व्हेगास नगरीच्या उत्तरेस सुमारे १३० किलोमीटरवर ग्रूम नावाचे कोरडे सरोवर आहे. पाण्याऐवजी तेथे सपाट, कठीण भूमी पसरलेली आहे. १९५५ साली अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने ‘यू-२’ या टेहळणी विमानाच्या चाचण्यांसाठी हे स्थळ निवडले. निसर्गानेच घडविलेली धावपट्टी, सभोवार डोंगर आणि शेजारी अणुचाचण्यांचे निषिद्ध क्षेत्र! हेच ते ‘एरिया ५१’.

त्या काळी प्रवासी विमाने साधारणतः दहा ते वीस हजार फुटांवरून जात. यू-२ मात्र साठ हजार फुटांहूनही वर चढे. संध्याकाळी दरी काळोखात बुडाली तरी शिखरावर ऊन रेंगाळत असते, हे आपण पाहिले असेलच. येथेही तसेच होई. खालच्या वैमानिकांभोवती अंधार दाटे आणि वर त्या विमानाचे रुपेरी पंख निखाऱ्यासारखे झळकत. इतक्या उंचीवर माणूस पोहोचला असेल, अशी शंकाही कोणास येत नसे. विचारणा करणारी पत्रे येत; उत्तर ठाऊक असणाऱ्यांना ते देण्याची मुभा नव्हती.

जेथे उत्तर मिळत नाही, तेथे कल्पना आपले उत्तर रचते. आपण परग्रहावरील यानांवर काम केले, असे एका गृहस्थाने १९८९ साली दूरचित्रवाणीवर सांगितले. पुरावा पुढे आला नाही, पण कौतुक वाढले. लोक टेकड्यांवर चढून तळ न्याहाळू लागले, तेव्हा १९९५ साली जवळच्या टेकड्याही बंद करण्यात आल्या. आजही कच्च्या रस्त्याने वेशीपाशी गेल्यास प्रवेशबंदीचे फलक दिसतात आणि पहारेकऱ्यांची नजर आपल्यावर असते. या तळाचे नाव व कार्य उघडपणे मान्य करणारा गुप्तचर संस्थेचा इतिहास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात विमाने होती, परग्रहवासी नव्हते.

परंतु वाचकहो, या गुप्ततेचे मोल खऱ्या अर्थाने कोणी दिले? १७ नोव्हेंबर १९५५ रोजी तळाकडे निघालेले एक विमान हिमवादळात माउंट चार्ल्सटन पर्वतावर कोसळले. आतील चौदाही जण मृत्युमुखी पडले. ते कोठे व कोणत्या कार्यासाठी निघाले होते, हे त्यांच्या घरच्यांना कित्येक दशके कळले नाही. पुढे १९९४ साली तळावरील काही कामगार आणि दिवंगत कामगारांच्या विधवा न्यायालयात गेल्या. उघड्या खड्ड्यांत जाळलेल्या विषारी पदार्थांच्या धुराने आजार जडले, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे केले आणि दावा निकालात निघाला. धुरात काय होते, हे त्यांना समजलेच नाही.

राष्ट्ररक्षणासाठी काही गुपिते राखावी लागतात, हे कोणीही सुज्ञ नाकारणार नाही. तरीही त्या वेशीवरून परतताना आपण आकाशात तबकड्या शोधू नका. माउंट चार्ल्सटनच्या वाटेवर त्या चौदा जणांचे स्मारक आहे. तेथे क्षणभर थांबा. परग्रहवासीयांच्या नावे राजमार्ग झाला; या माणसांच्या घरी मात्र साधी हकीकत पोहोचावयास कित्येक वर्षे लागली.