तुळईचा पाट

पुण्यात लाकडी पूल आहे; पण त्यात लाकूड नाही. पानिपतानंतर, १७६१ साली, तो लाकडाचा बांधला असे सांगतात. पुढे तो दगडी झाला आणि नाव तेवढे लाकडी राहिले. शनिवारवाड्याची गोष्ट उलटी. दगडी तट उभा आहे आणि आतले लाकडी वैभव १८२८ च्या आगीत गेले. जुने सागवान डोळेभर पाहायचे, तर विश्रामबागवाड्यासमोर उभे राहावे. १८०७ च्या सुमाराचा हा वाडा. त्याचे सुरूदार खांब आणि नक्षीचा सज्जा पाहताना मान दुखते, पण मन भरत नाही.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याला नक्षी नव्हती. माजघरात एक जाड तुळई होती आणि तिला झोपाळा टांगलेला होता, एवढेच वैभव. वाडा विकला गेला, तेव्हा कागदपत्रे झाली. ताईचे हक्कसोडपत्र हवे होते. मी स्वतः तिच्याकडे जायला हवे होते. मी वकिलाच्या कारकुनाला पाठवले. ताईने निमूटपणे सही केली. सही आली आणि भाऊबीज गेली! दोन वर्षे तिने बोलावले नाही, आणि मीही गेलो नाही.

वाडा पाडताना जुने लाकूड घेणाऱ्याने सारे उचलले. मी हट्टाने त्या तुळईचा अडीच हात तुकडा मागून घेतला. कशासाठी, ते मलाच ठाऊक नव्हते. चार महिने तो गॅलरीत पडून होता. एके दिवशी वाटले, याचा पाट करावा.

तुकडा रिक्षात घालून भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात गेलो. वखारवाल्याने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "माल अस्सल आहे साहेब, पण आधी खिळे काढून आणा. एक जरी आत राहिला, तर माझं पातं गेलं." दोन रविवार खिळे उपटण्यात गेले. मग फळ्या चिरून मिळाल्या. बोहरी आळीतून पॉलिश-कागद आणला. वर्षानुवर्षे बुधवारी आणि रविवारी भरत आलेल्या जुन्या बाजारातून एक रंधा आणि दोन पटाश्या घेतल्या. तिथेच एक मोडका पाट मिळाला, आणि तोच माझा गुरू झाला.

वाचकहो, पाट म्हणजे फळी आणि तिच्याखाली दोन आडव्या पट्ट्या, असे मला वाटत होते. पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या की झाले! मोडका पाट उलटा केला, तर त्यात एकही खिळा नव्हता. फळीला खालून खाच होती. तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. त्याच मापाची पट्टी बाजूने सरकवत नेलेली. कारण साधे आहे. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीला मात्र जवळजवळ तेवढेच राहते. आडवी पट्टी खिळ्यांनी जखडली, तर फळीला हलायला वाव राहत नाही आणि एक दिवस ती रेषेवर उकलते. सरकवलेली पट्टी फळीला धरूनही ठेवते आणि मोकळीही ठेवते. हे शहाणपण मला पाटाआधी कळले असते, तर किती बरे झाले असते!

आमची कार्यशाळा म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटची गॅलरी. दुपारी एक ते चार ठोकाठोक बंद, हा खालच्या मजल्याचा कायदा. सागाच्या अंगात वाळूसारखा कठीण अंश असतो. पात्याची धार बघता बघता जाते. पहिली खाच रुंद झाली, पट्टी गळून पडली. दुसरी इतकी घट्ट झाली, की ठोकताना फळीच चिरली. तिसऱ्या फळीला जमले. पण तिच्या मधोमध एक काळा डाग होता. रंधा मारला, कागद घासला, डाग हलेना. लोखंड आणि ओल यांनी लाकूड असे काळे पडते, आणि ते खोलवर जाते. सौ. म्हणाली, "ती बाजू खाली करा." पण खाली तर खाचा पाडलेल्या!

गेल्या वर्षी भाऊबीजेला तसाच, न बोलावता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाट काखेत मारून ताईच्या दारात उभा राहिलो. तिने दार उघडले, काही बोलली नाही, बाजूला झाली. मी कागद सोडून पाट जमिनीवर ठेवला आणि म्हणालो, "ताई, त्या कागदासाठी मी स्वतः यायला हवं होतं."

ती खाली बसली. डागावरून बोट फिरवीत राहिली.

"झोपाळ्याची कडी इथेच होती ना रे?"

मी मान हलवली. ती उठून आत गेली. ताटातल्या निरांजनाच्या प्रकाशात तिचे डोळे मला नीट दिसले नाहीत.

"बस," ती म्हणाली. "पूर्वेकडे तोंड कर."

बसलो, तर पाट डगमगला. एका कोपऱ्याला सुतभर कमी होते.

"तुझ्याच हातचा आहे खरा," ताई म्हणाली आणि ओवाळू लागली.

यंदा दिवाळीपूर्वी तो कोपरा सारखा करून देण्याचे मी ताईला कबूल केले आहे. ती म्हणते, राहू दे.