कुलकर्ण्याची पट्टी

आमच्या वाळवा तालुक्यातल्या रानाला गाव अजून ‘कुलकर्ण्याची पट्टी’च म्हणतं. 1 एप्रिल 1957ला कुळकायद्यानं कसणारी कुळं मालक झाली, तसे आजोबाही झाले. पुढं खरेदीची रक्कम भरल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ट्रंकेतल्या त्या पिवळ्या कागदावर जिल्हा लिहिलाय ‘दक्षिण सातारा’. आज्जी कराडकडची, लग्न होऊन आली तेव्हा आमचं गाव साताऱ्यात होतं, 1949ला दक्षिण साताऱ्यात गेलं, 1960ला सांगलीत. ती घराबाहेर पडली नाही, जिल्हेच बदलत गेले.

पट्टीबद्दल ती कधी ‘आपली’ म्हणाली नाही. “ती आपल्याकडं हाय,” एवढंच. मला दोन भाऊ आहेत, खिशात माझ्याजवळ शंभर रुपये आहेत, गोठ्यात आमच्याकडं म्हैस आहे. मराठीला असण्याचे असे निरनिराळे हिशेब ठेवायची खोडच आहे. आज्जीच्या हिशेबात पट्टी म्हशीशेजारी बसायची.

सातबाराही तिच्याच बाजूनं. आजोबा भोगवटादार, पण वर्ग 2. इतर हक्कांत ‘कुळकायदा कलम 43च्या बंधनास पात्र’. म्हणजे कसा, खा, पण परवानगीशिवाय विकू नका. 2014च्या दुरुस्तीनं वाट निघाली: खरेदीला दहा वर्षं उलटली असतील, तर आकाराच्या चाळीस पट भरा नि मोकळे व्हा. आमचा आकार 3 रुपये 40 पैसे. फेऱ्या मारण्यात चपला झिजल्या, पेट्रोल जळलं ते वेगळंच. सरकारजमा झाले 136 रुपये.

फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा आज्जीला वाचून दाखवला. वर्ग 1.

“कितीला पडला?”

“एकशे छत्तीस.”

“एवढ्यात तर शेंगांचं पोतंबी येत न्हाई,” म्हणाली, आणि शेंगांवरून आठवलं तशी उठून कोपऱ्यातलं गठुडं बांधायला लागली. खंड बंद होऊन साठ वर्षं होत आली होती, पण दर सुगीला सांगलीला कुलकर्ण्यांच्या घरी पायलीभर शेंगा गेल्याच पाहिजेत. मी चिडलो. आता तर कागदसुद्धा साफ झाला होता. तरी मोटारसायकलला गठुडं बांधून निघालो.

दार काकूंनी उघडलं. चष्मा पुसत त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून सालं उडवली.

“आमच्या पट्टीतल्या का रे?”

“होय काकू,” मी म्हणालो, “तिथल्याच.”