जागल्यावरचा आळ

आमच्या हिंगणघाटकडे रात्री शेत राखायला जाण्याला ‘जागली’ म्हणतात. मचाणावर जागल्या खाकरला, की रानडुकरे वावरात शिरताना दहादा विचार करतात. माणसाच्या पेशीतही असा एक जागल्या असतो. त्याचे नाव मात्र रूक्ष आहे : पी-५३.

हे एक प्रथिन. पेशीतील डीएनएला इजा झाली, की ते पेशीची वाढ थांबवते. इजा दुरुस्त होण्याजोगी नसेल, तर त्या पेशीला मरायला लावते. गाठ होऊ नये म्हणून ही राखण.

ते १९७९ साली हाती लागले ते प्रतिपिंडांमुळे. शरीर परक्याला ओळखायला जी प्रथिने घडवते, ती प्रतिपिंडे. ज्याची ओळख पटली त्यालाच ती चिकटतात. गाठी झालेल्या प्राण्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांनी पी-५३ला धरून आणले. कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर दिसे, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यालाच चोर ठरवले! हा आळ दहा वर्षे टिकला. १९८९च्या सुमारास उलगडा झाला : प्रयोगांत वापरलेले पी-५३ बिघडलेले होते, धडधाकट असते, तर ते गाठीला रोखतेच.

गेल्या वर्षी आमच्या वहिनींच्या अंडाशयातील गाठीचा तुकडा तपासायला गेला, तेव्हा हे सारे घरात आले. पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यावर पी-५३चे प्रतिपिंड सोडतात. ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग आणतात. रंग गडद आला होता.

“म्हणजे राखणदार पुष्कळ आहेत. बरेच झाले की, भाऊजी!” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी हळुवारपणे समजावले. धडधाकट पी-५३ पेशी लगोलग मोडून टाकते, म्हणून त्याचा रंग जेमतेम, कुठे कुठेच दिसतो. बिघडलेले मोडले जात नाही. साठत राहते आणि गडद दिसते. कधी तर रंग मुळीच येत नाही; तेव्हाही जागल्या गेलेलाच असतो. प्रतिपिंड फक्त जागा दाखवते. अर्थ माणसानेच लावायचा. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या आणि १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभारणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी आपल्याकडे रुजवलेली विद्या हीच : काचपट्टीपाशी धीराने बसण्याची.

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मचाणावर माणूस आहे, पण निजलेला. आता जागली आपल्याकडे आली.”

त्यांचे औषधपाणी चालू आहे. यंदा चकल्यांची भाजणी त्यांनीच भाजली. आम्ही नको म्हणत असताना.