वाटीभर भरीत

आमच्या डिपॉझिटमधून साडेतीन हजार रुपये कापले गेले, त्याची चिठ्ठी माझ्याकडे आहे. वहीच्या अर्ध्या पानावर निळ्या बॉलपेनने लिहिलंय : 'स्वयंपाकघर धुणे, रंगाचा एक हात, पूजा.' सातशे रुपये किलोच्या भावाने तेवढ्या पैशात पाच किलो मटण आलं असतं. आम्ही आणलं होतं अर्धा किलो.

मी नंदुरबारला एका शाळेत विज्ञान शिकवते. माहेर-सासर दोन्ही तापीकाठचं, शहादा तालुक्यातलं. नवरा सुरतेला नोकरीला, शनिवारी रात्री गाडीने येतो आणि रविवारी रात्री परत जातो. आमच्या जिल्ह्यात असे संसार घरोघरी सापडतील. मुलगा तेव्हा नववीत होता. एका कॉलनीत वरचा मजला भाड्याने घेतला होता, मालक-मालकीण खाली राहायचे. घर दाखवतानाच काकू म्हणाल्या होत्या, "मॅडम, अंडं चालेल. टरफलं मात्र आमच्या डब्यात नको. बाकीचं बाहेर."

मी हो म्हटलं. त्यांचं घर, त्यांचा नियम. यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, आणि तसं प्रामाणिकपणे सांगायला आजही हरकत नाही. मटण खायचं तर रविवारी बहिणीकडे जायचो. दीड वर्ष असं चाललं.

मग मुलाने मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिला. एकाच भांड्यात स्टेक आणि पास्ता, बार्बेक्यूच्या चवीचा, अर्ध्या तासात, एकदम सोपा. करणारा अमेरिकेतला, हसतमुख, त्याचा ओटा आमच्या दोन खोल्यांएवढा. पोरगा म्हणाला, "मम्मी, वाढदिवसाला हेच. केक नको."

स्टेक म्हणजे तिकडे बैला-गायीच्या मांसाचा जाड तुकडा. आपल्याकडे मार्च 2015 पासून गायीबरोबर बैलाचीही कत्तल कायद्याने बंद आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. राहिलं बोकडाचं मटण. पण बोकड म्हणजे स्टेक नव्हे. स्टेकसाठी जनावराच्या पाठीचा, कमी राबलेला, मऊ भाग घेतात. तो तव्यावर इकडून चार मिनिटं, तिकडून चार मिनिटं ठेवला की झाला. आमचा बोकड डोंगर चढून-उतरून मोठा झालेला. त्याची रान, म्हणजे मांडी, चार मिनिटांत शिजत नाही, चाळीस मिनिटंही कधी कमी पडतात. 'अर्ध्या तासात' या शब्दांवरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

पण विज्ञानाची बाई हार मानत नाही. मटणवाल्याकडून मांडीचं बिनहाडाचं अर्धा किलो घेतलं आणि धाग्याला आडव्या, बोटाएवढ्या जाड पट्ट्या कापल्या. त्यावर चमचाभर कच्ची पपई किसून चोळली. शहाद्याकडे पपईची शेतंच्या शेतं आहेत. भावाने झाडावरची हिरवी दोन फळं दिली होती. पपईच्या चिकात पपेन असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. अर्धा तास पुरे. रात्रभर ठेवलंत तर वरचा थर पिठासारखा होतो, हे मी एकदा करून बसले आहे.

वन पॉटचं भांडं म्हणून कुकर घेतला, पाच लिटरचा. तेल चांगलं तापू दिलं आणि पट्ट्या कोरड्या पुसून दोन हप्त्यांत टाकल्या. सगळ्या एकदम टाकल्या की पाणी सुटतं, मांस उकडतं आणि तांबूस होत नाही. मांस तांबूस होणं म्हणजेच 1912 साली मेलार्ड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितलेली अभिक्रिया. भाकरीवर तांबूस डाग पडतात तेही हेच. मग कांदा, लसूण, नंदुरबारची लाल मिरची, टोमॅटो. बुडाला लागलेलं खरडून घेतलं, पाणी घातलं, पाच शिट्ट्या केल्या.

शिट्टी एक बरी असते. तुरीच्या डाळीची आणि मटणाची शिट्टी सारखीच वाजते.

वाफ जिरल्यावर झाकण काढलं आणि त्यातच पाव किलो पास्ता टाकला. पाण्याचा अंदाज महत्त्वाचा : रस्सा धरून तीन-साडेतीन कप, कारण हे पाणी ओतून टाकायचं नसतं. पास्त्यातला स्टार्च त्यातच उतरतो आणि रस दाट होतो. दर दोन मिनिटांनी ढवळायचं. बार्बेक्यू सॉस म्हणून गूळ, चमचाभर मोहरीची पूड आणि धडगावकडच्या बाईकडून घेतलेलं आमचूर. सातपुड्यात उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी वाळवतात, त्यांचा आंबटपणा व्हिनेगरला मागे टाकतो. गूळ मात्र अगदी शेवटी. आधी घातला तर बुडाशी करपतो आणि सगळा कुकर कडू होतो.

एवढं झाल्यावर उरला तो धूर. बार्बेक्यू म्हणजे धूरच. इस्त्रीवाल्याकडून कोळशाचे दोन तुकडे आणले होते. एक चिमट्यात धरून गॅसवर लाल केला. पास्त्याच्या मधोमध स्टीलची वाटी ठेवली, त्यात निखारा, त्यावर तुपाचे दोन थेंब, आणि वरून ताट झाकलं.

इथे मी फसले. खिडकी बंद होती, मुद्दाम. एक्झॉस्ट फॅनही बंद ठेवला होता, कारण तो खालच्या अंगणावर उघडायचा. पण बंद खोलीत कोळसा पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो, हे दरवर्षी मीच वर्गात सांगते. हात आपोआप गेला आणि खिडकी वीतभर उघडली. तीन मिनिटांनी ताट उचललं तसा धुराचा एक लोट निघाला आणि सरळ खाली गेला.

पाच-सात मिनिटांत दारावर टकटक.

दारात काकू. डोक्याला शाल गुंडाळलेली, हातात रिकामी वाटी. चेहरा इतका प्रसन्न की मला आधी काही कळेना. म्हणाल्या, "मॅडम, भरीत केलंत ना? काय वास सुटलाय! आमच्याकडे गॅसवर भाजतो, ती चव येत नाही. वाटीभर द्या बाई. ह्यांना फार आवडतं."

थंडीचे दिवस, खानदेश, आणि धुराचा वास. दुसरं काय सुचणार त्यांना? शेतात काटक्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी आणि माझा निखाऱ्यावरचा बोकड, खाली जाईपर्यंत दोघांचा वास एकच झाला होता. तूप आणि धूर पुढे, मटण मागे राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात मांस शिजलं नाही, त्या घरातल्या बाईच्या तोंडाला माझ्या कुकरच्या वासाने पाणी सुटलं होतं. त्या वाटीचं काय करायचं, हा प्रश्न दारात उभा होता.

हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडलं असेल, पण मी ते इतक्या वेळा आठवलंय की आता ते अर्ध्या तासाचं वाटतं. मला तीन वाटा होत्या. एक, 'संपलं काकू' म्हणायचं. कुकर तर समोर वाफाळत होता. दोन, 'उद्या देते' म्हणून रात्रीतून कुठून तरी वांगी पैदा करायची. तीन, खरं सांगायचं. नवरा मागून डोळ्यांनी खुणावत होता. मुलगा ताट घेऊन बसलेला, माझ्या तोंडाकडे बघत.

आणि चौथीही एक वाट होती, ती मला नंतर सुचली आणि तिची मला भीती वाटते. वाटीत वरवरचा रस काढून देता आला असता. मिटक्या मारत खाल्ला असता त्यांनी. पण आयुष्यभर एखाद्याने पाळलेलं मोडायचं, तेही त्याला न सांगता? ते माझ्याकडून झालं नाही, एवढंच समाधान.

मी म्हटलं, "काकू, भरीत नाही. मटण आहे. आज ह्याचा वाढदिवस."

त्या काहीच बोलल्या नाहीत. वाटी पदराखाली घेतली आणि जिना उतरल्या. त्या रात्री खालून एक शब्द वर आला नाही. सकाळी काकांनी सांगितलं : महिन्याभरात खोली रिकामी करा. आणि ते भांडं अंगणातल्या नळावर धुऊ नका.

नियम मी मोडला होता. दिलेला शब्द मोडला होता. काढायचा अधिकार त्यांना होता, हे मी कुणालाही सांगते. माणसंही वाईट नव्हती. मुलाला डेंगी झाला तेव्हा दवाखान्यात रात्र काकांनीच काढली होती. कुरडया-पापडांचा डबा वर यायचा. तो डबा आठवतो आणि राग अर्धवट राहतो. पण साडेतीन हजार? स्वयंपाकघर धुवायचं, ठीक. ते मी स्वतः दोनदा धुऊन दिलं होतं, फरशीच्या सांधीतून ब्रश फिरवून. रंगाचा हात कशाला? भिंतीला डाग नव्हता. आणि पूजा? माझ्या मुलाने केलेल्या हट्टाचं प्रायश्चित्त माझ्याच पैशाने? मी काकांना विचारलं, "पूजेचे पैसे आम्ही का द्यायचे?" ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला काय सांगायचं." शिकलेल्या माणसाला गप्प करायला हे वाक्य फार सोयीचं आहे. मी गप्प बसले. ते अजून टोचतं.

आणि वासाचंच म्हणाल, तर नंदुरबारसारख्या गावात? हिवाळ्यात बाजार समितीत लाल मिरचीच्या गाड्या लागतात, गावाबाहेर पथाऱ्यांवर एकरा-एकरात मिरची वाळत पडते. वारा फिरला की अख्ख्या गावाला ठसका लागतो. रिक्षावाला शिंकतो, शाळेची प्रार्थना खोकत होते. कुणी मिरचीला खोली रिकामी करायला सांगत नाही. उलट अभिमान वाटतो. 2011 च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यात जवळपास 70 टक्के लोक आदिवासी निघाले, जिथे मासळी-कोंबडी सर्रास खाल्ली जाते, त्याच जिल्ह्याच्या गावी भाड्याचं घर शोधताना पहिला प्रश्न येतो, "खाता का?" काय खाता, हे विचारायचीही गरज नसते. माझ्या शाळेतल्या पावरा आणि वसावे आडनावांच्या आदिवासी शिक्षकांना तर आडनाव सांगितल्यावर हा प्रश्नही विचारत नाहीत. 'खोली आताच गेली' म्हणतात. माझं निदान दीड वर्ष निघालं.

एक सांगून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल. राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 आहे. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. आमचा सगळा व्यवहार तोंडी होता. मला हे कळलं तेव्हा सामान टेम्पोत होतं.

त्या रात्री आम्ही जेवलो की नाही? जेवलो. पोराने दोनदा घेतलं. नवऱ्याने पहिला घास खाल्ला, थोडं थांबला आणि म्हणाला, "ही तर आपली वरणफळंच आहेत. डाळीऐवजी मटण घातलंस." बरोबर होतं. गव्हाच्या तुकड्यांना रश्शात शिजवणं आमच्या आजीलाही येत होतं, तिने फक्त त्याचा व्हिडिओ काढला नाही. एकूण वेळ लागला सव्वा तास. मुलाने व्हिडिओखाली तसं लिहिलंही.

आता आम्ही दुसऱ्या वस्तीत राहतो. इथे पहिल्याच रविवारी शेजारच्या मावशींनी भिंतीवरून विचारलं, "कसाना वास ई ऱ्हायना व?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच वाटी पुढे केली. त्यांच्यामुळे मला हे घर आवडतं.

पण त्याच मावशी गुरुवारी सुके बोंबील भाजतात. तो वास मला सहन होत नाही. गेल्या आठवड्यात मी उठून खिडकी लावून घेतली, जरा जोरात. मुलगा अभ्यास करत होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुन्हा वहीत घातली.

नवरा म्हणतो, ती चिठ्ठी फाडून टाक. मी फाडलेली नाही. मिरचीच्या बरणीखाली घडी करून ठेवली आहे. आकडा तीनदा तपासला, बेरीज बरोबर आहे.