रस्ता क्लिअर आहे!

पहाटे पावणेपाचला अलार्म वाजला आणि डोक्यात पहिला प्रश्न आला, जगात इतके छान छान छंद असताना माझ्या मावसभावाला सायकलच का सुचावी? गिटार वाजव की बाबा. फोटोग्राफी कर. फार तर ट्रेकला जा, तेही वीकेंडला. पण नाही! फेब्रुवारीतली नाशिकची थंडी, अंगात दोन स्वेटर, कानटोपी, आणि मी ॲक्टिव्हावर. माझ्या पुढे तो, त्या चकचकीत घट्ट चड्डीत, हँडलवर कोपरं टेकवून. मी कशाला? तर म्हणे, "ताई, रेकी करायचीय."

रेकी म्हटलं की मला आधी चोरच आठवतात. 'चोरट्यांनी बंगल्याची रेकी केली होती' हे वाक्य मी ट्रेनी असताना इतक्या वेळा लिहिलंय की विचारू नका. टाइम ट्रायलवाल्यांचा फंडाही फार वेगळा नसतो. रस्ता आधी बघून ठेवायचा. खड्डा कुठे, खडी कुठे, वळण किती आवळतं, चढ कुठे सुरू होतो, आणि सपाट वाटणारा रस्ता हळूच चढतोय की काय.

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाशी शर्यत. एकेक जण एक-दोन मिनिटांच्या अंतरानं सुटतो. कुणाच्या मागे लपून वारा चुकवायचा नाही. तुम्ही, रस्ता आणि घड्याळ, बस्स. सायकलवाल्याचं खरं भांडण हवेशी असतं. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून हे लोक हँडलच्या पुढे दोन दांडे लावतात, त्यावर हात ठेवून वाकतात आणि बाणासारखे होतात. या दांड्यांना एरोबार म्हणतात. आता यातली गंमत ऐका. ब्रेक त्या दांड्यांवर नसतात, ते असतात बाजूच्या मूळ हँडलवर. म्हणजे ब्रेक मारायचा तर हात उचला, बाजूला न्या, अंग वर करा. तेवढ्यात वेग गेला आणि सेकंदही गेले. त्यामुळे रेकीत खरा प्रश्न एकच असतो, हात कुठे उचलायचे आणि कुठे अजिबात उचलायचे नाहीत.

सेकंदांचं एवढं काय, असं मीही विचारलं होतं. त्यावर मला लेक्चर मिळालं. 1989ची टूर दि फ्रान्स. शेवटच्या दिवशी 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल. ग्रेग लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता आणि टूर जिंकला 8 सेकंदांनी. तीन आठवडे सायकल चालवून 8 सेकंद! 2020 मध्ये तादेय पोगाचार शेवटून दुसऱ्या दिवशी 57 सेकंदांनी मागे होता. 36.2 किलोमीटरची टाइम ट्रायल आणि शेवटी घाट. दिवस संपला तेव्हा तो 59 सेकंदांनी पुढे होता. वय अवघं 21. प्रत्येक वळण आपल्याला पाठ होतं, असं त्यानं नंतर सांगितलं. आमच्या घरी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पोगाचार आमचा लांबचा नातेवाईक असावा असं मावशीला वाटतं.

पण प्रोफेशनल मंडळींचं वेगळं असतं हो. मागे टीमची गाडी, कानात रेडिओ, 'पुढे उजवं वळण, सैल आहे, ब्रेक नको' असं सांगणारा माणूस. आमच्याकडे गाडी म्हणजे माझी ॲक्टिव्हा, आणि रेडिओ म्हणजे माझं "अरे सांभाळ!"

आमच्या रस्त्याबद्दल सांगायचं तर गंगापूर रोडनं सोमेश्वर मागे टाका, गंगापूर गाव, मग गोवर्धन. तिथून दुगाववरून गिरणाऱ्याच्या अलीकडे जायचं आणि परत फिरायचं. 15 किलोमीटरच्या आसपास. नाशिकच्या अर्ध्या सायकलवाल्यांचा हा रोजचा रस्ता असेल. आणि नाशिककरांना सायकलचं वेड किती आहे ते वेगळं सांगायला नको. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीनं पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत. ती पण एका अर्थानं घड्याळाशीच शर्यत. रात्री सायकलस्वाराच्या मागे गाडी हवीच, असा तिथे नियम आहे. गाडीतल्या लोकांनी डुलकी काढली तर पुढच्याचं काय होईल? हे मी आधी कधी वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर कदाचित ऑक्टोबर 2023 मध्ये जरा शहाण्यासारखी वागले असते.

तेच सांगायचंय खरं तर.

गिरणाऱ्याला टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. सीझनला पिकअपच्या रांगा, क्रेटवर क्रेट, नुसता लाल रंग. दुपारनंतर सौदे होतात आणि भरलेल्या गाड्या नाशिकच्या दिशेनं पळतात. पळताना वळणावर थोडे टोमॅटो सांडतात. मागची गाडी त्यावरून जाते, मग तिच्या मागची. रात्रीपर्यंत तिथे चटणी झालेली असते. डांबरावर, परतीच्या लेनमध्ये, आणि अंधारात दिसतही नाही.

ऑक्टोबर 2023च्या एका रविवारी पहाटे सायकलवाल्या मित्रमंडळींनी टाइम ट्रायल ठेवली होती. भावाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, शनिवारी प्रॅक्टिकल. तो मला म्हणाला, "ताई, शनिवारी बाजार सुटल्यावर जाशील का? फक्त परतीची वळणं बघ आणि फोटो पाठव." मी म्हटलं, हो, डन. शनिवारी संध्याकाळी एका नव्या कॅफेचं ओपनिंग कव्हर करायचं होतं. फुकटचं खाणं आणि सहाशे शब्द. म्हणून मी सकाळी अकरालाच जाऊन आले. रस्ता स्वच्छ, ऊन छान. चार फोटो काढले, संध्याकाळी सातला कॅफेच्या वॉशरूममधून ते पाठवले आणि खाली लिहिलं, 'रस्ता क्लिअर आहे!' उद्गारचिन्ह माझंच.

रविवारी साडेसहाला, गिरणाऱ्याकडून येतानाच्या दुसऱ्या वळणावर, त्यानं हात उचलले नाहीत. कशाला उचलेल? क्लिअर होता ना!

कॉलरबोन मोडलं. डावा कोपर सोलला. पाठीवर, मांडीवर लालच लाल, आणि त्यातलं रक्त किती आणि टोमॅटो किती हे पहिली पाच मिनिटं कळत नव्हतं. मागून पिकअप आला नाही हे नशीब. हॉस्पिटलच्या बाकावर मावशीनं मला एवढंच विचारलं, "तू बघून आली होतीस ना गं रस्ता?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

नंतर मी या विषयावर नको इतकं वाचलं. गिल्टवर आमच्या लाइनमध्ये एकच औषध, रिसर्च! तर 12 जून 2019ला फ्रान्समध्ये रोआन गावात ख्रिस फ्रूम टाइम ट्रायलची रेकी करत होता. चार वेळा टूर जिंकलेला माणूस. शर्यत नव्हे हं, रेकी! नाक शिंकरायला त्यानं हँडलवरून एक हात काढला, वाऱ्याचा झोत पुढच्या चाकावर बसला आणि तो भिंतीवर आदळला. मांडीचं हाड, कोपर, बरगड्या. त्यानंतर त्याला टूर कधीच जिंकता आली नाही. जानेवारी 2022 मध्ये कोलंबियात एगान बेर्नाल टाइम ट्रायलच्या सायकलवर मान खाली घालून सराव करत होता आणि थांबलेल्या बसवर मागून धडकला. तोही टूर जिंकलेला. म्हणजे रस्ता पाठ करायला गेलेल्यालाही रस्ता सोडत नाही. माझ्या लक्षात मात्र दुसरीच गोष्ट राहिली. शर्यत ज्या वेळी, रेकीही शक्यतो त्याच वेळी करतात. वारा बदलतो, ऊन बदलतं, सावलीतला ओलावा बदलतो. सकाळी अकराचा गिरणारे रस्ता आणि बाजार सुटल्यानंतरचा गिरणारे रस्ता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भावाला हे वीस वर्षांचा असताना कळत होतं.

दोन वर्षं त्यानं एरोबार माळ्यावर टाकले होते. सायकल चालवायचा, पण सगळ्यांबरोबर, गप्पा मारत. या जानेवारीत आम्ही पुण्याला गेलो, पुणे ग्रँड टूर बघायला. 19 ते 23 जानेवारी 2026, एकूण 437 किलोमीटर, जगभरातले प्रोफेशनल रायडर. पहिल्या दिवशी शहरातच साडेसात किलोमीटरची टाइम ट्रायल. शर्यतीसाठी रस्ते नव्यानं डांबरी केलेले. दर महिन्याला शर्यत ठेवा, म्हणजे खड्डे तरी बुजतील, असं बॅरिकेडला टेकलेले एक पुणेकर काका म्हणाले, आणि त्या गर्दीत त्यांच्याशी असहमत असा एकही माणूस नव्हता. रायडर असे जायचे की आधी आवाज, मग माणूस. भाऊ कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, फक्त हात बघत होता. "उचलले... हा नाही उचलले... याने उचलले." परतताना सिन्नरपर्यंत गप्प. मग म्हणाला, "फेब्रुवारीत आपल्याकडे आहे एक. नाव देऊ?"

मला विचारत होता की स्वतःला, कोण जाणे. मी म्हटलं, दे.

तर आम्ही त्या वळणावर थांबलो. फटफटलं होतं. फेब्रुवारीत इथे द्राक्षांचा सीझन, टोमॅटोचा मागमूस नाही. कोरडं, साधं, बिचारं वाटावं असं वळण. त्यानं सायकल आडवी ठेवली, खाली बसला आणि डांबरावरून तळहात फिरवला, मावशी गव्हाच्या पिठावरून फिरवते तसा. कडेची बारीक खडी वेचून फेकली. मी डायरीत लिहिलं, 'दुसरं वळण, कडेला खडी, मधून जा.' आणि पेन बंद करता करता बोलून गेले.

"त्या वेळी मी सकाळीच येऊन गेले होते. बाजार सुटल्यावर नाही."

"माहितीये."

"म्हणजे?"

"फोटोत तुझी सावली आलीये. एवढीशी, पायाजवळ. संध्याकाळी सातला पाठवलेल्या फोटोत अशी सावली कुठली? हात गळ्यात बांधून घरी पडलेलो, दुसरं काय काम होतं मला? झूम करकरून बघितलं."

"बोलला नाहीस कधी."

"तू सांगशील म्हटलं." मग हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, "नऊनंतर वारा उठतो. चल, त्याच्या आत परतीचा टप्पा एकदा फुल स्पीडला मारतो. मागे राहा, हॉर्न वाजवू नकोस."

दोन वर्षं चार महिने! मी मागे राहिले. हॉर्न वाजवला नाही. काच धूसर झाली होती, ती थंडीमुळे, असं आपण धरून चालू.

स्पर्धेच्या दिवशी मी पाचला खराटा घेऊन त्या वळणावर हजर होते. शेजारच्या मळ्यातल्या मावशींनी विचारलं, कोण साहेब येणारेत का गं? म्हटलं, हो. त्यांनी मला चहा दिला आणि उरलेली खडी स्वतः झाडली, माझ्यापेक्षा कितीतरी नीट. मग आधी तो घुंईं आवाज, मग तो. वळणाच्या अलीकडे त्यानं हात उचलले, ब्रेकवर नेले, वळला, परत दांड्यांवर ठेवले. माझ्याकडे बघितलंही नाही.

11 सेकंदांनी तिसरा नंबर गेला. मिसळ खाताना त्याचं तोंड जरा उतरलं होतं, आणि मी कुठल्या वळणावर किती सेकंद गेले असतील याबद्दल एक अक्षर बोलले नाही. रात्री फोनवर मेसेज आला, 'ऑक्टोबरमध्ये परत आहे. तू बाजार सुटल्यावर जा. पेट्रोल माझं.'