समरकंद की जावा?

आमच्या समाजात पासपोर्ट निघतो तो बहुधा दोनच कारणांसाठी. एक हज-उमराहसाठी, दुसरं आखातातल्या नोकरीसाठी. निव्वळ फिरायला म्हणून परदेशी जाणं अजून आमच्या घरांच्या अंगवळणी पडलेलं नाही. हजचं फर्ज आम्ही दोघांनी अदा केलं आहे, मुलं आपापल्या पायांवर उभी आहेत. म्हणून निवृत्तीनंतर येत्या उन्हाळ्यात कुठंतरी जाऊन यायचं ठरवलं, तर मिरजेच्या मोहल्ल्यातून पहिला प्रश्न आला, "फिर उमराहकूच क्यूं नै जाते?" त्याचं उत्तर सोपं होतं. ते बोलावणं अल्लाहच्या घरचं, ही हौस आमची. पुढचं अवघड निघालं.

चर्चा होता होता दोन देश उरले, उझबेकिस्तान आणि इंडोनेशिया. उझबेकिस्तानचा आग्रह साताऱ्याच्या मेहुण्यांचा. त्यांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. "दुल्हेभाई, एक बार रेगिस्तान देखोच," हे त्यांचं पालुपद. हे रेगिस्तान म्हणजे समरकंदमधला मोठा चौक. तीन बाजूंना निळ्या नक्षीचे तीन मदरसे, त्यातला सर्वांत जुना 1417 ते 1420 या काळात बांधलेला. दिल्लीहून ताश्कंद विमानानं तीनेक तासांवर. आमच्या पिढीला ताश्कंद माहीत आहे ते लालबहादूर शास्त्रींमुळे. 11 जानेवारी 1966 रोजी त्यांनी तिथंच अखेरचा श्वास घेतला.

हा बेत मी एका जुन्या सहकाऱ्याला सांगितला. माणूस वाईट नाही, माझ्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसलेला आहे. तो हसत म्हणाला, "वा सर, म्हणजे मूळ गावाला निघालात म्हणा की!"

मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. बाबराचा जन्म 1483 साली उझबेकिस्तानातल्या अंदिजानला झाला, हे खरं. पण बाबराचं आणि माझं नातं काय? माझे आजोबा तंबोऱ्याचे भोपळे आणायला मंगळवेढ्याकडं जायचे. अंदिजानचं नावही त्यांच्या कानावर कधी पडलं नसेल.

त्या रात्री माझं मन इंडोनेशियाकडं झुकलं. जगात सर्वाधिक मुसलमान ज्या देशांत राहतात, त्यांतला हा एक. तिथं रमजानच्या रोजाला 'पुआसा' म्हणतात. शब्द आपल्या 'उपवासा'वरून गेलेला. जन्नत म्हणजे 'सुर्गा', गुनाह म्हणजे 'दोसा'. स्वर्ग आणि दोष! या शब्दांमुळं कुणाचा ईमान डळमळीत झालेला नाही. जावा बेटावर नवव्या शतकातलं प्रंबाननचं मंदिर आहे. त्याच्या साक्षीनं 1961 पासून रामायणाचं नृत्यनाट्य होतं आणि त्यात नाचणारे कितीतरी कलाकार मुसलमान आहेत. सुमात्रात बेंगकुलूला मोहरममध्ये 'ताबोत' निघतात. ब्रिटिशांच्या फौजेतल्या हिंदुस्थानी शिपायांनी ती रीत तिकडं नेली, असं सांगतात. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत ज्यानं पाहिले आहेत, त्यात हिंदू घराण्यांचा मान पाहिला आहे, त्याला हे परकं कसं वाटेल? मी पत्नीला उत्साहानं म्हणालो, "जावालाच जाऊ. परत आल्यावर त्याला फोटो दाखवतो, म्हणावं, बघ!"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी जवाब देनेकू जारे, का देखनेकू?"

मी गप्प झालो. समरकंद टाळायचं ते एका वाक्याच्या धास्तीनं आणि जावा निवडायचं ते त्याच वाक्याला उत्तर म्हणून. म्हणजे पैसे माझे, रजा माझी आणि निवड मात्र त्याची! मराठी मुसलमानाला हे काही नवीन नाही. ताटातलं जेवण असो, मुलाचं नाव असो की क्रिकेटच्या सामन्यातल्या टाळ्या, आपण सारखं कुणाला तरी काहीतरी सिद्ध करून दाखवत असतो. इतकं की दाखवण्यापलीकडं आपल्याला स्वतःला काय आवडतं, हेच विसरायला होतं.

पत्नीला मात्र ते नेमकं ठाऊक होतं. तिनं सांगलीत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. तिला ना बाबराशी देणंघेणं, ना तैमूरशी. तिला पाहायची होती तैमूरचा नातू उलूगबेग याची वेधशाळा. दुर्बिणीचा शोध लागण्याआधी या राजानं समरकंदला सुमारे 40 मीटर त्रिज्येची दगडी कमान उभारून आकाशाचे वेध घेतले. 1437 साली हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी सिद्ध केली. 1449 मध्ये त्याच्याच मुलाच्या सांगण्यावरून त्याला मारण्यात आलं. वेधशाळा मोडून पडली आणि तिचा जमिनीखालचा भाग 1908 साली सापडला. पण त्याची कोष्टकं दूरवर गेली. जंतरमंतर उभारणाऱ्या जयपूरच्या सवाई जयसिंगानं ती अभ्यासली. उलूगबेग मूळचा कुठला, ही बाब त्याला आड आली नाही.

"वो खड्डा देखना है मेरेकू," पत्नी म्हणाली. इतकं साधं, स्वतःचं कारण माझ्याजवळ दोन्ही देशांसाठी नव्हतं. उझबेकिस्तान ठरलं.

ई-व्हिसाची फी 20 डॉलर, मुक्काम 30 दिवसांपर्यंत. अर्जात प्रवासाचा हेतू विचारतात. तिनं 'पर्यटन' निवडलं. मूळ गावाला जायला व्हिसा लागत नाही, हे सहकाऱ्याला सांगावं असं क्षणभर मनात आलं. मग वाटलं, राहू दे. येताना त्याच्यासाठी तिकडची सुकी जर्दाळू आणू. त्याला आवडतात.

जावा पुढच्या खेपेला. तोवर येत्या मोहरममध्ये कडेगावला जायचं, साताऱ्याच्या मेहुण्यांना घेऊन. तिथले ताबूत त्यांनी अजून पाहिलेले नाहीत.